अंगरख्याचं अस्तर

अक्का, तुम्ही गेल्यावर सोळाव्या दिवशी मी मुनीरचाचांच्या दुकानात गेले, आणि मागच्या दाराने गेले. तुम्ही असतात तर गल्लीच्या तोंडाशीच माझा दंड धरून मला परत फिरवलं असतंत. अंगावर तेराव्यापासून नेसते आहे तेच धुवट पातळ, केसांना तेल नाही, पायांत तुमच्या जुन्या वहाणा. पुढच्या दाराने आपण नेहमी दोघी गेलो. त्या दाराने एकटीने जायला पाऊल उचलेना, म्हणून वळसा घालून गेले. एवढंच कारण होतं.

चाचांनी चष्मा कपाळावर चढवला. माझ्या तोंडाकडे बघितलं नाही, हातांकडे बघितलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, "क्या लाई हैं, बाई साहब?"

माझे हात रिकामे होते. उंबऱ्यावर उभ्या उभ्या मला रडू फुटलं. तुमच्या चितेपुढे फुटलं नव्हतं ते तिथे फुटलं, त्या जळमटलेल्या मागच्या दारात.

मागच्या दाराचा अर्थ तुम्हीच मला शिकवला होता. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, हे एक जुन्या कपड्यांचं दुकान, खासगी बाजारापासून चार पावलांवर, त्याला दोन दारं. त्यात काय मोठं? तुम्ही म्हणालात, "उमे, मागच्या दाराने येतात ते विकायला. पुढच्या दाराने येतात ते घ्यायला. मागून कोण आलं ते पुढच्याने बघायचं नाही, आणि दिसलंच तर ओळखायचं नाही." संस्थान विलीन झालं, दरबार भरायचे थांबले, आणि लष्कर भागातल्या घराघरांतल्या पेट्या एकामागून एक उघडल्या. शेले, शालू, अंगरखे, कुणाच्या आजोबांच्या पागोट्याची जर, कुणाच्या घोड्याच्या झुलीची किनार. दुसरे व्यापारी वजन करून सरळ भट्टीत घालायचे. कापड जळायचं, चांदी उरायची. मुनीरचाचांचा एक नियम होता. आलेला प्रत्येक नग ते एक महिना दोरीवर टांगायचे, आणि उलटा टांगायचे, आतली बाजू बाहेर करून, म्हणजे हवेने जर काळी पडू नये. महिन्याच्या आत त्या घरच्या माणसाचं मन फिरलं तर त्याने यायचं, कपड्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "ये हमारा है." की चाचा दिलेला भाव तेवढाच परत घेऊन कपडा खाली उतरवायचे. नाव विचारायचे नाहीत. फक्त यायचं ते पुढच्या दाराने, चार माणसांसमोर. असं का, म्हणून मी एकदा विचारलं होतं. "बेचने का पर्दा होता है, बाई साहब," चाचा म्हणाले होते. "वापस ले जाने में काहे का पर्दा?"

तुम्हाला तो नियम फार आवडायचा. घरी येऊन तुम्ही तो दोनदा बोलून दाखवलात, एकदा मला आणि एकदा चुलीपुढे तुमच्या तुम्हालाच.

आपण काय विकत घेत होतो म्हणा! पोलक्यापुरता तुकडा, हातभर किनार, एकदा देवाच्या आसनासाठी फाटक्या शेल्याचं टोक. पण शुक्रवारचं जेवण आटोपलं की दाल बाजारामागच्या त्या दोन खोल्यांत जी तयारी चालायची, ती बघून शेजारच्यांना वाटायचं आपण लग्नाला निघालो. तांब्यात निखारे घालून तुम्ही माझं पातळ इस्त्री करायच्या. मला पाटावर बसवून केस ओढून ओढून विंचरायच्या. मी ओरडले की म्हणायच्या, "बस झालं ग, हल्ला नको करू." माझ्या गोल नेसण्यावरून तुमची कुरकुर कायमची होती, नऊवारीशिवाय तुम्हाला नेसणं वाटतच नसे, तरी निऱ्या तुम्हीच गुडघ्यावर बसून नीट करायच्या. मग मला दारापर्यंत चालायला लावायच्या आणि मागून बघायच्या. पदर मागून किती खाली आला आहे, हे नेसणारीला कधी कळत नाही, मागच्याच माणसाला कळतं, असं तुमचं म्हणणं. मी म्हणायचे, अक्का, चाचांच्या दुकानात कोण बघणार आहे माझा पदर? तुम्ही म्हणायच्या, "आपण घ्यायला चाललो आहोत. बघणाऱ्याला ते लांबूनच कळलं पाहिजे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

आणि तुम्ही स्वतः? तेच करड्या रंगाचं, बिनकाठाचं लुगडं, पण असं चापूनचोपून नेसलेलं की एक सुरकुती इकडची तिकडे नाही. थोरले भावोजी मी घरात येण्याआधी दोन वर्षं गेलेले. मी तुम्हाला कुंकवाची कधी पाहिलंच नाही. तुमचं वय तेव्हा जेमतेम तिशीचं होतं, हे मला आज, तुमचे दिवस केल्यावर, हिशोब करून कळतंय. तेव्हा तुम्ही मला म्हाताऱ्या वाटायच्या. थोरली जाऊ म्हणजे म्हातारीच, असा माझा समज. तुम्ही मला नटवायच्या आणि मी हौसेने नटून घ्यायचे. तुम्हाला काय नेसावंसं वाटतं, हे मी सुरुवातीची कितीतरी वर्षं विचारलंही नाही.

विचारलं तेव्हा भांडणासारखं विचारलं. आठवतं? मी म्हणाले, आता दिवस बदलले, राजे गेले, राज्य गेलं, निदान काठ तरी रंगीत असू द्या. लोकांना काय घाबरायचं? तुम्ही विळीपाशी मेथी निवडत होतात. म्हणालात, "लोकांचं नाही ग. एकदा नेसले की परत उतरवणं जड जाईल." मी त्यावर एक भाषण ठोकलं. तुम्ही मेथी निवडत राहिलात. पुढे दर दोन-चार महिन्यांनी मी तो विषय काढायचे आणि तुम्ही भाजी निवडायच्या. तो वाद काही आपला संपला नाही. आता मीच एकटी दोन्ही बाजूंनी बोलते आणि तुमच्या बाजूने बोलताना मला जास्त सुचतं.

त्या दुकानात मात्र तुमचे हात मोकळे असायचे. तिथे जांभळा, अंजिरी, पोपटी, कुठलाही रंग तुम्ही हातात घेऊ शकत होतात, कारण तो तुमचा नव्हता. जर घासून बघायच्या, अंगठ्याने काठ चाचपायच्या, चाचांशी चंदेरीच्या विणीवर वाद घालायच्या, आणि चाचा हरायचे. एकदा दुपारी गिऱ्हाईक कुणी नव्हतं, चाचा नमाजाला गेले होते. मी दोऱ्यांच्या पलीकडे होते. तुम्ही एक जांभळा शेला खांद्यावरून घेतलात आणि त्या डाग पडलेल्या आरशासमोर उभ्या राहिलात. नुसत्या उभ्या. मला गप्प राहायचं होतं, अक्का. दहा आकडे मोजण्याइतकं गप्प राहिले असते तरी पुरलं असतं. पण माझी जीभ! "अक्का, किती छान दिसता हो," मी ओरडले. तुम्ही शेला असा काढलात की जणू पोळला. घडी घालून जागेवर ठेवलात. परतीच्या वाटेवर तुम्ही भाज्यांच्या भावाबद्दल बोलत होतात.

जिथे गप्प बसायचं तिथे मी बोलते, आणि जिथे बोलायचं तिथे बसते गप्प. हे दुसरं सांगायला मला जास्त जड जातंय.

मध्य भारत हे नवं राज्य झालं तेव्हा राजधानी सहा महिने इथे आणि सहा महिने इंदूरला असायची. त्यामुळे आमच्या ह्यांचं निम्मं आयुष्य बिस्तरा बांधण्यात गेलं. तरी निम्मं तर घरी जायचं. मग कळलं की आता सगळंच भोपाळला जाणार. कचेऱ्या जाणार, कपाटं जाणार, कारकून जाणार. ह्यांचं नाव यादीत आलं. क्वार्टर एका खोलीचं. हे म्हणाले, मोठी जागा मिळाली की अक्कांना घेऊन जाऊ. तुम्ही म्हणालात, बिलकुल. मी म्हणाले, तोपर्यंत मालकीणबाई खाली आहेतच. किती पटकन म्हणाले मी ते!

मग एके दिवशी तुम्ही माझ्यापुढे भांडी मांडलीत. दोन पातेली, परात, चार पितळी डबे, एक तांब्याची घागर. प्रत्येकावर माझं नाव घातलेलं. "अडगळीत पडून होती," तुम्ही म्हणालात, "कल्हई करून आणली. नवं बिऱ्हाड आहे, दुसऱ्याच्या नावाची भांडी कशाला?" मी परातीच्या काठावर बोट फिरवलं. नावाची अक्षरं बोटाला खरखरली. नाव जुनं झालं की घासून घासून गुळगुळीत होतं, हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. आणि अडगळीत परात नव्हती. त्या खोल्यांत अडगळ ठेवायला जागा होती कुठे? मला त्याच क्षणी कळलं, अक्का. भांडी कोरी होती. ती कुठून आली, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित परत करावी लागली असती, आणि मला ती हवी होती. मी वाकून नमस्कार केला आणि घागर उचलून बघितली, जड आहे का ते.

दसऱ्याला पाटावर नुसती पगडी होती.

हे वाचणाऱ्या कुणाला कळणार नाही म्हणून सांगते. थोरले भावोजी दरबारच्या कचेरीत साधे कारकून होते, पण दसऱ्याच्या दरबारात मागच्या रांगेत उभं राहायचा त्यांना मान होता. वर्षातून त्या एका दिवसासाठी चंदेरीचा, जरीच्या बुट्ट्यांचा अंगरखा आणि पगडी. ते गेल्यावर दर दसऱ्याला तुम्ही दोन्ही पाटावर मांडून त्यांची पूजा करायच्या. अंगरखा मी नेहमी घडीतच पाहिलेला. वरची जर, गळ्याची पट्टी, बस. त्या दसऱ्याला मी विचारलं, अंगरखा कुठे? तुम्ही म्हणालात, कसर लागल्यासारखी वाटली, ऊन द्यायला काढलाय. मी बरं म्हणाले. ऊन कुठे दिलंय, दोरीवर तर मला दिसला नाही, हे माझ्या मनात आलं, आणि मी आपट्याची पानं वाटायला निघून गेले.

त्यानंतरच्या पंधरा दिवसांत तुम्ही आळीतल्या निम्म्या बायकांची पोलकी मजुरीने शिवून दिलीत. मी वैतागले. म्हणाले, मी जायच्या धांदलीत आणि तुम्ही आपल्या सुई घेऊन बसलेल्या. तुम्ही दात लावून दोरा तोडलात आणि हसलात.

मग तो शुक्रवार. माझी तयारी तुम्ही केलीत त्याहून स्वतःची जास्त केलीत, हे मला तेव्हा दिसलं होतं. कधी नव्हे ती शाल काढलीत. वाटेत तुमचा हात सारखा पदराच्या टोकाशी जात होता, तिथे गाठ होती. मला वाटलं, वेलदोडे बांधले असतील.

दुकानात मुरारच्या छावणीतल्या दोन बायका उशांच्या अभ्र्यांसाठी किनारी बघत होत्या. तुम्ही सरळ तिसऱ्या दोरीपाशी गेलात. तिथे एक अंगरखा उलटा टांगलेला होता. तांबड्या जाड कापडाचं अस्तर, आणि काखेत एक निळ्या छापाचं ठिगळ. तुम्ही त्याच्या बाहीवर हात ठेवलात. चाचांनी हातातला मोजायचा गज खाली ठेवला, चष्मा काढला आणि वाट बघत उभे राहिले. कशाची वाट, ते मला कळलं नाही. मला त्या बायकांसमोर काहीतरी चुरचुरीत बोलायचं होतं. त्या दोघी चांगल्या नेसलेल्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या.

उचलली जीभ लावली टाळ्याला. "बघा अक्का," मी म्हणाले, "बडा घर पोकळ वासा. वर दरबार आणि आत ठिगळ. आणि तेही विकून खाल्लं. लाज कशी नाही वाटत हो लोकांना?"

त्यातलं मराठी त्या बायकांना कळलं असेल नसेल, पण त्या हसल्या. चाचा हसले नाहीत. म्हणाले, "बाई साहब, घर बड़ा हो या छोटा, बगल सबकी पहले फटती है."

मी त्यावरही हसले. तुमचा हात अजून बाहीवर होता. तुम्ही म्हणालात, "उमे..."

"काय?"

"काही नाही. चल, उशीर होतोय."

आणि हात काढून घेतलात.

ते ठिगळ मी ओळखायला हवं होतं. कोपऱ्यावर दोन टाके उलटे घ्यायचे आणि मग पुढे जायचं, ही तुमची पद्धत. मला तुम्हीच शिकवलीत, माझ्या हातावर लाटण्याने मारून मारून. वीतभर अंतरावर ते टाके माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मी त्यांनाच नावं ठेवत होते.

पुढच्या शुक्रवारी तुम्ही विचारलंत, "जायचं का ग दुकानात?" मी ट्रंकेत चादरी कोंबत होते. म्हणाले, "अक्का, तुमच्या त्या नटण्यातच तासभर जातो, आता कुठे वेळ?" निघायच्या दोन दिवस आधी तुम्ही पुन्हा विचारलंत, आणि मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "एवढंच असेल तर तुम्ही जाऊन या ना. रस्ता माहीत आहे तुम्हाला." तुम्ही म्हणालात, "एकटी? मी एकटी गेले तर चाचा विचारतील, क्या लाई हैं?" आणि हसलात. मीही हसले. मला वाटलं, गंमत करताय.

बिनकाठाच्या लुगड्यातली एकटी बाई पुढच्या दाराने आली, तरी बाजारभर तिला विकणारीच समजणार. तुम्हाला शेजारी नटलेली मी हवी होते. इतक्या वर्षांचं ते माझं नटणं कशासाठी होतं, हे मला तेव्हाही कळलं नाही, अक्का, आणि मी स्वतःला हुशार समजत होते.

भोपाळहून मी लिहिलं, संक्रांतीला येते. तुमचं कार्ड आलं: "ये. शुक्रवारी ये, म्हणजे दुकानात जाऊ." संक्रांतीला आमच्या चाळीत नव्या नव्या ओळखी झालेल्या. सगळ्यांनी मिळून हळदीकुंकू ठरवलं आणि मी राहिले. तुमची पितळी परात तिळगुळाला कामाला आली. सगळ्यांनी तिची तारीफ केली आणि मी सांगितलं, आमच्या घरची जुनी आहे.

माघात मालकीणबाईंची तार आली. आम्ही पोचलो तेव्हा तुमच्या छातीत घरघर होती आणि डोळे उघडत नव्हते. मी हाक मारली. तुम्ही माझ्या पदराचं टोक धरलंत आणि बोटांनी चाचपत राहिलात, काठ बघतात तसं. मालकीणबाई म्हणाल्या, वात झालाय. मी तेच खरं मानलं.

दिवस झाल्यावर मी तुमची ट्रंक उघडली. पांढऱ्या फडक्याची घडी जशीच्या तशी, आत वाळलेला कडुनिंब आणि पगडी. अंगरख्याची जागा नुसती खोलगट. तरी मला काही सुचलं नाही. म्हटलं, दुकानात जाऊन यावं, अक्कांची आठवण म्हणून. आणि मागच्या दारात चाचांनी मला विचारलं, क्या लाई हैं.

मी रडले तेव्हा त्यांनी मला ओळखलं. त्या धुवट पातळात आधी ओळखलंच नव्हतं. स्टूल पुढे केलं, पाणी दिलं, आणि "वो नहीं आईं?" म्हणून विचारलं. मी सांगितलं. मागच्या दाराची कडी लावून ते माझ्यासमोर बसले. मग म्हणाले, "इसी दरवाज़े से आई थीं, दशहरे से पहले. अकेली. मैंने कहा, बीबी जी, ये मत दीजिए. बोलीं, छोटी का नया घर बस रहा है, बर्तनों पर उसका नाम हो तो वहाँ उसे पराया नहीं लगेगा." महिना झाला तरी त्यांनी अंगरखा उतरवला नाही. तुमचा हात त्यांनी बाहीवर पाहिला होता. "हाथ तो रख दिया था. बस बोलना बाकी था." म्हणून संक्रांतीपर्यंत टांगून ठेवला. "सोचा, साथ आएँगी दोनों." मग जागा लागली, हात तंगीत आला, आणि त्यांनी जर कापली. कापताना आपण चुकतोय असं त्यांना वाटत होतं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. माझ्यापुढे तो म्हातारा स्वतःला दोष देत होता आणि मी ऐकून घेत होते.

"और कुछ बचा?" मी विचारलं.

जरीबरोबर चंदेरीही गेली होती. अस्तर कुणी घेत नाही, म्हणून ते राहिलं होतं. पुढे दोरीच्या शेवटी टांगलेलं, बाह्यांसकट, काखेतल्या निळ्या ठिगळासकट. चाचा ते काढून आणायला उठले. मी म्हणाले, राहू द्या. आज नको. त्यांना कळलं असावं, कारण ते लगेच बसले.

काल शुक्रवार होता.

मी न्हाले. केस विंचरले. तांब्यात निखारे घालून हिरवं पातळ इस्त्री केलं, डाव्या बाजूला जरासं पोळलं, ते तुमच्या हातून कधी पोळलं नव्हतं. हे म्हणाले, अजून महिना झाला नाही, लोक काय म्हणतील? मी म्हणाले, लोकांना घाबरत नाही. आणि म्हणता म्हणता तुमचं उत्तर आठवलं. निऱ्या तीनदा घातल्या. मग सवयीने दारापर्यंत चालत गेले आणि थांबले. मागून बघायला कुणी नव्हतं. पदर खाली आला होता की वर गेला होता, मला कळलं नाही. तसाच घेऊन निघाले.

पुढच्या दाराने गेले. दुकानात चार-पाच माणसं होती. त्यात एक आपल्याच आळीतली, तुम्ही जिचं पोलकं शिवलं होतंत ती. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं तिने. जाऊ जाऊन महिना नाही झाला आणि हिरवं पातळ! बघू दे. मी दोऱ्यांमधून शेवटपर्यंत गेले. अस्तर तिथे होतं, जर कापलेल्या कडा सुटलेल्या, दोरे लोंबत होते. मी बाहीवर हात ठेवला. तुम्ही ठेवला होतात तिथेच असेल, नक्की सांगता येत नाही.

चाचांनी गज खाली ठेवला. चष्मा काढला. इतर कुणाला विचारत नाहीत, तरी मला विचारलं, आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "किसका है, बाई साहब?"

माझ्या तोंडाला कधी शब्दांची कमी पडली नाही, हे तुम्हाला माहीत आहे. काल मी बाहीचा लोंबता दोरा बोटाला गुंडाळत राहिले. आळीतली ती बाई कान टवकारून उभी होती. मला वाटलं, तुम्हालाही त्या दिवशी असंच झालं असेल, आणि तेवढ्यात शेजारून कुणीतरी हसून म्हणालं असेल, बडा घर पोकळ वासा.

"ये हमारा है," मी म्हणाले.

पहिल्यांदा नीट उमटलं नाही म्हणून पुन्हा म्हणाले, मोठ्याने. तीनच शब्द होते, अक्का. ते तुमच्या ओठांवर आले होते, आणि मी तुम्हाला म्हणू दिले नाहीत.